ज्येष्ठांच्या नाडीच्या नोंदवहीत नेमकं काय लिहायचं? (बीटा ब्लॉकर, थायरॉइड, एएफ, पेसमेकर)

पायवाट

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सकाळच्या चालण्याच्या गटासाठी नाडीची छापील वही करायची आहे. सभासद ६० ते ७८ वयाचे. काहींची अँजिओप्लास्टी झाली आहे आणि मेटोप्रोलॉल (नाडी मंद करणारी बीटा ब्लॉकर गोळी) चालू आहे, काही थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) घेतात, दोघांना एएफ (हृदयाची अनियमित लय) आहे, एकाला पेसमेकर. सध्या जो तो सोयीनं आकडा लिहितो. कुणी घड्याळातला, कुणी बीपी मशिनवरचा, कुणी चालून आल्या आल्या बोटं लावून मोजलेला. असे कागद डॉक्टरांपुढे ठेवले तर त्यांना त्यातून काहीच कळत नाही.

तीन गोष्टी हव्या आहेत. नाडी कधी आणि कशी मोजायची, हे एका पानात बसेल असं. दुसरं, औषध लागू पडतंय का हे नाडीवरून कितपत कळतं? ५४ दिसली की त्या दिवशी गोळी न घेणारे आमच्यात आहेत. तिसरं, २२० वजा वय या हिशेबानं ६२ वर्षांच्या माणसाची कमाल नाडी १५८, तिचे ७० टक्के ११०. पण मेटोप्रोलॉल ५० घेणाऱ्या एका सभासदांची नाडी भरभर चालूनही ९५ च्या वर जात नाही. त्यांचा व्यायाम कमी पडतोय असं धरायचं का?

निशिगंधा

आधी वेळ बांधून घ्या. सकाळी उठून, लघवीला जाऊन आल्यावर, चहा, तंबाखू आणि बीपी-हृदयाच्या गोळ्या यांच्या आधी. खुर्चीत पाठ टेकून ५ मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर. गोळीच्या आधी मोजायचं, कारण त्या वेळी कालच्या डोसचा असर सर्वांत कमी उरलेला असतो. तेव्हाही नाडी आटोक्यात असेल तर डोस चोवीस तास पुरतोय. थायरॉक्सिनवाल्यांनी त्यांची उपाशीपोटीची गोळी आधी घेतली तरी बिघडत नाही, तिचा परिणाम आठवड्यांच्या हिशेबानं दिसतो.

अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या बाहेरच्या हाडाला लागून तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका ठेवा. आपल्या अंगठ्यानं मोजू नका, त्याची स्वतःची नाडी बोटाला लागते. जोरात दाबलं तर ठोका नाहीसा होतो, हलक्या हातानं शोधा. मानेची नाडी या वयात चाचपू नये. तिथे दाब पडून काहींची नाडी एकदम मंदावते आणि घेरी येते.

लय सरळ असेल तर ३० सेकंद मोजून दुप्पट करा. सुरुवातीच्या ज्या ठोक्याला घड्याळ चालू केलं तो ‘शून्य’ म्हणायचा, ‘एक’ नाही. १५ सेकंद गुणिले ४ हे विश्रांतीच्या नाडीसाठी नको. एक ठोका चुकला की उत्तरात ४ चा फरक पडतो, आणि इथे तर ५४ की ५८ यावरून लोक गोळी सोडतायत. लय वाकडी वाटली तर पूर्ण ६० सेकंद.

वहीत आकड्याशेजारी ‘लय’ असा रकाना हवाच: सरळ, मध्येच एखादा ठोका चुकतो, पूर्ण अनियमित. मला तो आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. आजवर ‘सरळ’ लिहिणाऱ्यानं अचानक ‘पूर्ण अनियमित’ लिहिलं, तर आकडा ७२ असला तरी त्याच दिवशी ईसीजी काढून घ्यावा. नवा एएफ कधी कधी एवढ्यावरूनच सापडतो.

शेवटचा रकाना ‘आज काही वेगळं’: ताप, जुलाब, अपुरी झोप, सर्दीची गोळी, इनहेलर. ताप १ अंश सेल्सिअसनं चढला की नाडी साधारण ८ ते १० नं वाढते. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची तेवढी वाढत नाही, म्हणून ताप, जुलाब किंवा रक्तस्राव असताना ‘नाडी ठीक आहे ना, मग काळजी नाही’ असं त्यांच्याबाबत कुणीही म्हणू नये.

घड्याळाविषयी. पट्टा मनगटाच्या हाडापासून एक बोट वर आणि घट्ट हवा. चालताना ते पावलांची लयच नाडी समजून बसतं. मिनिटाला ११० पावलं आणि नाडीही बराच वेळ ११० वर चिकटलेली दिसली, तर थांबून बोटांनी मोजा. रात्री झोपेत ४७ दाखवलं म्हणून गोळीवाल्यानं घाबरायचं कारण नाही, झोपेत नाडी खाली जातेच.

गोळीबंद

पायवाट, त्या ‘५४ दिसली की गोळी नाही’ वाल्यांना कृपा करून आजच सांगा. बीटा ब्लॉकर रोज घेत असताना शरीर अॅड्रेनलिनला जास्त संवेदनशील होऊन बसलेलं असतं. गोळी एकदम बंद झाली की तो जोर मोकळा सुटतो. नाडी उसळते, बीपी चढतं, छातीत दुखणं परत सुरू होतं आणि हृदयविकार असलेल्याला अटॅकसुद्धा येऊ शकतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर ती १ ते २ आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं उतरवतात.

वहीच्या आतल्या पानावर मी असं छापेन. ५० ते ६० आणि माणूस ठणठणीत: गोळी घ्या, नोंद करा, पुढच्या भेटीत दाखवा. ५० च्या खाली आणि सोबत चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, धाप किंवा गळून जाणं: पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन. ४० च्या खाली: काही होत नसलं तरी त्याच दिवशी ईसीजी. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखतंय: आकडा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.

गोळीच्या नावापुढे एक्सएल किंवा ईआर (दिवसभर हळूहळू सुटणारं औषध) असेल तर ती चावायची किंवा कुटायची नाही. मधोमध रेघ असेल आणि डॉक्टरांनी अर्धी लिहिली असेल तर रेघेवर मोडता येते, पण चुरा केला की दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. गिळायला त्रास होणाऱ्या आजी-आजोबांना घरचे गोळी कुटून देतात. मग दुपारी नाडी फार खाली आणि पहाटे बरीच वर, असे दोन आकडे वहीत दिसतात.

नाडी विनाकारण मंद वाटली तर औषधांची पूर्ण यादी मागा, डोळ्यांच्या थेंबांसकट. काचबिंदूसाठीचा टिमोलॉल हा बीटा ब्लॉकरच आहे. तो अश्रुनलिकेतून नाकात आणि तिथून रक्तात जातो. मेटोप्रोलॉल चालू असताना डोळ्यांच्या डॉक्टरांनी टिमोलॉल दिला आणि ते हृदयाच्या डॉक्टरांना कळलंच नाही, असं सहज होतं. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा १ ते २ मिनिटं बोटानं दाबून धरला तर रक्तात कमी जातो. डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन, विसरभोळेपणासाठीचं डोनेपेझिल हीही नाडी मंद करणारी. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन यकृतात मेटोप्रोलॉलचा निचरा अडवतात, त्यामुळे डोस तोच असून जास्त लागू पडतो.

नाडी वाढवणारी औषधं: साल्ब्युटामॉलचा पंप, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, आणि थायरॉक्सिनचा जास्त झालेला डोस. थायरॉक्सिनवाल्यांची विश्रांतीची नाडी काही आठवडे चढत गेली, हात थरथरतायत, वजन उतरतंय असं दिसलं तर टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासा. डोस बदलल्यावर मात्र ६ आठवड्यांच्या आत टीएसएच करून उपयोग नसतो, आकडा तोवर स्थिरावत नाही.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांसाठी वेगळी ओळ ठेवा. शुगर उतरली की होणारी धडधड बीटा ब्लॉकर झाकून टाकतो. घाम मात्र झाकत नाही. चालताना अचानक दरदरून घाम फुटला तर नाडी काहीही असो, आधी ग्लुकोमीटर. तो जवळ नसेल तर ३ चमचे साखर पाण्यातून द्या.

अनुजा_फिजिओ

९५ वाल्या काकांचा व्यायाम कमी पडतोय असं धरू नका. २२० वजा वय ही सरासरी आहे. तब्येतीनं चांगल्या माणसातही खरी कमाल नाडी त्याच्या १० ते १२ वर किंवा खाली असू शकते. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याला तर ते सूत्र लागूच होत नाही, औषधाचं कामच वरची मर्यादा खाली आणणं हे आहे. ११० गाठायला लावलंत तर काका ताकदीबाहेर ओढले जातील.

टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून ईसीजी काढण्याची चाचणी) झालेली असेल, आणि ती हीच गोळी याच डोसमध्ये चालू असताना झालेली असेल, तर त्यातली कमाल नाडी घ्या. समजा ती १२४ आली आणि विश्रांतीची ५६ आहे. फरक ६८. त्याचे ४० टक्के २७, ६० टक्के ४१. हे विश्रांतीच्या नाडीत मिळवले की ८३ ते ९७ हा पट्टा मिळतो. म्हणजे ९५ वर काका वरच्या टोकाला चालतायत. टीएमटीच्या वेळी गोळी बंद ठेवली असेल तर तो आकडा व्यायामासाठी वापरू नका. टीएमटी नसेल तर हृदयविकारानंतर सुरुवातीला विश्रांतीच्या नाडीपेक्षा साधारण २० ने जास्त, एवढ्यावर थांबतात.

त्याहून भरवशाची बोर्ग यांची ६ ते २० ची श्रममोजणी. ११ म्हणजे हलकं, १३ म्हणजे थोडं जड. गटाला ११ ते १३ मध्ये ठेवा. सोपी खूण अशी: चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही.

सुधारणा पाहायची तर ठरलेली फेरी ठेवा. सपाट ५०० मीटर, दर वेळी ७ मिनिटांत. फेरी संपली की ५ सेकंदांच्या आत नाडी शोधून १५ सेकंद मोजा आणि ४ ने गुणा. निशिगंधा यांनी १५ सेकंद नको म्हटलंय ते विश्रांतीसाठी बरोबर आहे. इथे मात्र नाडी भराभर उतरत असते, ३० सेकंद मोजली तर उतरलेलीच मोजाल. पंधरवड्यातून एकदा पुरे. गोळीचा डोस तोच, वेग तोच, आणि फेरीनंतरची नाडी किंवा बोर्गचा आकडा उतरत गेला तर ताकद वाढतेय. मधे डोस बदलला असेल तर वहीत आडवी रेघ मारून नव्यानं सुरुवात करा. आधीचे आणि नंतरचे आकडे एकत्र वाचता येत नाहीत.

एकदम थांबू देऊ नका, शेवटची ५ ते १० मिनिटं हळू चालवा. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांचं बीपी एकदम थांबल्यावर पडतं.

टीएमटीच्या रिपोर्टमध्ये व्यायाम संपल्यावर पहिल्या मिनिटात नाडी किती उतरली तेही पाहा. १९९९ मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकच्या संशोधकांनी २,४२८ जणांचा सुमारे ६ वर्षं मागोवा घेतला, त्यात हळू चालत असताना पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी उतरणाऱ्यांचा मृत्यूचा धोका जास्त निघाला. मैदानावर बसून मोजलेल्या आकड्याला हा १२ लावू नका. बसल्यावर नाडी तशीही जास्त उतरते.

पायवाट

खूप उपयोगी. दोन शंका. नाडी जितकी कमी तितकं हृदय सुरक्षित, असं एक सभासद ठामपणे सांगतात आणि ‘नाडी कमी करायची गोळी’ मागायला निघालेत. आणि एएफवाल्या दोघांचं काय? एकाच सकाळी मशिन ६४, ८८, ७१ असे आकडे देतं.

कंदील

त्या सभासदांना इव्हॅब्रॅडिनचं उदाहरण द्या. हे औषध जवळजवळ फक्त नाडीच कमी करतं, म्हणून त्यातून गोष्ट स्वच्छ कळते. २०१० च्या ‘शिफ्ट’ चाचणीत पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) ३५ टक्के किंवा कमी आणि नाडी ७० किंवा जास्त असलेल्या सुमारे ६,५०० हार्ट फेल्युअरच्या रुग्णांपैकी निम्म्यांना ते दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. हृदयविकारानं मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी अॅडमिट होणं, हे दोन्ही मिळून १८ टक्क्यांनी कमी झालं. २०१४ च्या ‘सिग्निफाय’ चाचणीत तेच औषध १९,१०२ जणांत तसंच तपासलं. त्यांना रक्तवाहिन्यांचा आजार होता, पण हार्ट फेल्युअर नव्हतं. नाडी इथेही उतरली. मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत, आणि रोजच्या हालचालीत छातीत दुखणाऱ्यांच्या गटात तर धोका थोडा वाढला. दमलेल्या हृदयात जलद नाडी स्वतःच ओझं असते, ते उतरवलं की फायदा होतो. इतरांत ती बऱ्याचदा फक्त खूण असते. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेहानं बिघडलेल्या नसा, कमी व्यायाम यांची. खूण पुसून आजार जात नाही. सभासदांची विश्रांतीची नाडी सतत ९० च्या पुढे असेल तर गोळी मागण्याआधी हिमोग्लोबिन, टीएसएच, शुगर आणि ईसीजी करून घ्यावा.

एएफमध्ये मशिनचे आकडे नाचणारच. एका बैठकीत १-१ मिनिटाच्या अंतरानं ३ वेळा मोजून सरासरी लिहा, बीपीसुद्धा तसंच. मनगटावर नाडी कमीच भरते. दोन ठोके फार जवळ आले तर दुसऱ्या वेळी हृदयात पुरेसं रक्त भरलेलं नसतं, ठोका मनगटापर्यंत पोचतच नाही. म्हणून डॉक्टर छातीवर स्टेथोस्कोप लावून पूर्ण मिनिट मोजतात. एक जण छातीवर, दुसरा मनगटावर, एकाच मिनिटात मोजले तर छातीवर ९६ आणि मनगटावर ७८ निघू शकतात.

लक्ष्य किती? नेदरलँड्समधल्या ‘रेस २’ चाचणीत (२०१०, कायमचा एएफ असलेले ६१४ रुग्ण) विश्रांतीची नाडी ११० च्या खाली ठेवणं हे ८० च्या खाली ठेवण्यापेक्षा वाईट ठरलं नाही. धाप, धडधड असेल किंवा पंपिंग उतरलं असेल तर डॉक्टर अधिक खाली आणतात. म्हणून एएफवाल्यांना ८४ दिसली की जास्तीची गोळी, असं करू देऊ नका. आणि नाडी छान आटोक्यात आली म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सोडायची नाही. गुठळीचा धोका वय, बीपी, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवर ठरतो, नाडीच्या आकड्यावर नाही.

अजून एक फसवा आकडा: ३८. माणूस निवांत पेपर वाचतोय आणि मशिन, ऑक्सिमीटर दोन्ही ३८ दाखवतायत. प्रत्येक खऱ्या ठोक्यामागून एक अवेळी ठोका येत असेल तर तो अवेळी ठोका बोटापर्यंत पोचत नाही, ईसीजीवर ७६ असतात. अशा माणसाची बीटा ब्लॉकरची गोळी ‘नाडी मंद’ म्हणून बंद केली तर नेमकं उलटं होईल. ईसीजी झाल्याशिवाय निर्णय नको.

पायवाट

पेसमेकरवाल्या काकूंचा रकाना वेगळा ठेवू का?

निशिगंधा

रकाने तेच, वर एक ओळ जास्त: ‘यंत्राची खालची मर्यादा’. ती त्यांच्या पेसमेकर कार्डावर किंवा शेवटच्या तपासणीच्या कागदावर असते, बहुधा ६०. काही यंत्रांत झोपेसाठी ५० ठेवलेली असते, तेही लिहून घ्या. जागेपणी पूर्ण मिनिट मोजून नाडी या मर्यादेच्या ४-५ ने खाली, सलग दोन दिवस आली तर यंत्र तपासायला न्या. कंदील यांनी सांगितलेले अवेळी ठोकेही कारण असू शकतात, पण ते तिथेच कळेल. चक्कर किंवा शुद्ध हरपली असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.