मदत हवी आहे: पर्लच ठेवू की सगळं पायथनमध्ये आणू?

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच-सहा जण हौसेने जुन्या नियतकालिकांच्या अंकांचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाणित अक्षरसंकेतात, आणतोय. फॉन्ट बदलायला, शब्द मोजायला दहा-बारा स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम आहेत, सगळ्या पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत. त्या लिहिणाऱ्या काकांना आता वेळ होत नाही आणि बाकी कुणालाच पर्ल येत नाही. परवा रफार भलत्याच अक्षरावर बसत होता. जुन्या फॉन्टात तो अक्षरानंतर टंकलेला असतो, युनिकोडात र आणि हलन्त आधी यावा लागतो. ती अदलाबदल करणारी ओळ शोधण्यात माझ्या दोन रात्री गेल्या.

पायथन ही दुसरी भाषा आमच्या गटातल्या कॉलेजच्या पोरांना येते. म्हणून शब्द मोजायची स्क्रिप्ट त्यात लिहिली. मजकुरात नमुने शोधणारं नेहमीचं आरई मॉड्यूल (तयार कोडचा संच), पॅटर्न बॅकस्लॅश डब्ल्यू आणि अधिक, म्हणजे सलग अक्षरं एक शब्द धरायची. ‘मराठी’ दिलं तर ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हातात! पर्लची स्क्रिप्ट तोच शब्द अखंड मोजते. सगळ्यांना येणारी भाषा घ्यावी, तर तिला आपला काना कळेना. त्यात पायथन २ या जुन्या आवृत्तीचा आधार २०२० साली बंद झाला, तेव्हा जुना कोड दुरुस्त करताना लोकांची झालेली दमछाक आठवते. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १:
भाषेला बोल लावू नका, ते आरईचं दुखणं आहे. ते काना-वेलांटीला अक्षरांत धरत नाही. पिप या मॉड्यूल बसवायच्या साधनाने ‘रेजेक्स’ नावाचं वेगळं मॉड्यूल टाका, पॅटर्न तोच ठेवा. पायथनलाच जा, उद्या येणाऱ्याला वाचता आलं पाहिजे. पण सगळं एका दमात नको. जी स्क्रिप्ट मोडेल तीच बदला, आणि तिने आजवर काढलेल्या फायली जपून ठेवून नव्या स्क्रिप्टचं उत्तर त्यांच्याशी ओळीओळीने ताडा. रफाराला हात लावण्याआधी काकांना चहाला बोलवा. तसल्या स्क्रिप्टमध्ये एखाद्याच अंकासाठी घातलेले अपवाद असतात, ते वाचून कळत नाहीत.

धागाकर्ता:
टाकलं मॉड्यूल. ‘मराठी’ आता एकच शब्द! शब्दमोजणी आजपासून पायथनमध्ये. काका रविवारी येतायत, तोवर रफार पर्लमध्येच.