घरामागच्या परड्यात शेकोटी केली तर परवानगी लागते काय? (अनगोळ, बेळगाव)

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट विचारूलालोय. घर अनगोळात, मागं छोटं परडं. बाबा ७८ वर्षांचे, खानापूरकडच्या खेड्यात वाढलेले, थंडी पडली की पहाटे आगटी पाहिजेच, हिटर आणून दिला तर त्याच्याकडं बघत पण नाहीत. म्हणून दिवाळीनंतर परड्यात चिऱ्याचं गोल कडं बांधून घेतलं, खाली वाळू टाकली, बाबा इतके खूश झाले की काय सांगू.

पण परवा वारा फिरला आणि सगळा धूर शेजारच्या वहिनींच्या खिडकीत. त्यांच्या पोराला दमा आहे, रात्री नेब्युलायझर लावायला लागला. त्या भांडल्या नाहीत, नुसतं येऊन सांगून गेल्या, तेच जास्त लागलं मला. तेव्हापासून आगटी बंद आहे आणि बाबा सकाळी शाल गुंडाळून गप्प बसतात.

गल्लीत एकजण म्हणाला ५००० दंड आहे. शोधलं तर एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवादाचा) डिसेंबर २०१६ चा आदेश मिळाला, उघड्यावर कचरा जाळला तर ५०००, मोठ्या प्रमाणात जाळला तर २५,०००. आम्ही जाळतो ते सुकं लाकूड, पण खरं सांगतो, पेटवताना झावळ्या, पालापाचोळा आणि एकदोनदा दुधाची पिशवी पण गेल्या, ते चुकलंच. २०१६ च्या घनकचरा नियमात बागेतला पाला पण कचराच धरलेला होता, तो आपल्या आवारात वेगळा साठवायचा आणि पालिका सांगेल तसा द्यायचा असं होतं. शिवाय आगीबाबत हलगर्जी करून दुसऱ्याच्या जीवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आता एवढंच सांगा, नुसत्या सुक्या लाकडाची घरगुती शेकोटी कचरा जाळण्यात धरतात काय? पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारायचं की फायर ब्रिगेडला? अर्ज कन्नडमधून द्यायला लागला तर नमुना कुणाकडं असला तर टाका, मला वाचायला येतं, लिहायला अडतं. आणि ३१ डिसेंबरला पोरं आमच्या दारासमोरच ओल्डमॅन (सरत्या वर्षाचा पुतळा) जाळणार म्हणतात, आत पेंढा आणि फटाके असतात, त्याला परवानगी कोण काढतं? वहिनींचं घर तिथून दहा पावलांवर आहे, जागा बदला म्हणून पोरांना सांगायच्या आधी नियम नीट माहीत पाहिजे मला.

कोळशाच्या शेगडीचा धूर कमी होतो काय, हे पण कुणी वापरत असाल तर सांगा. खोलीत ठेवणार नाही, बंद जागेत कोळशाच्या गॅसनं माणूस झोपेतच जातो हे माहीत आहे, परड्यातच बाबांच्या खुर्चीजवळ ठेवायची आहे.