नाल्याकाठच्या लेआऊटला हरकत घ्यायची की नाही?

शिवारकर
बेळगावात वडगाव-शहापूर शिवारात बळ्ळारी नाल्याला लागून भातशेतीवर लेआऊट पाडायचा, म्हणजे घरांसाठी प्लॉट आखायचा, अर्ज आलाय. नोटीस कन्नडमध्ये, त्यामुळे गल्लीत निम्म्यांना पत्ताच नाही. मी हरकत देणार. गेल्या पावसात आमचं भात आठ दिवस पाण्याखाली होतं. पाणी ओसरलं तेव्हा ओळीच्या ओळी जलपर्णीनं झाकलेल्या, आणि रोपाला हात लावला की काळं पडलेलं मूळ हातात येत होतं. तिथं मुरमाचा भराव पडला तर ते पाणी जाणार कुठं? आमच्याच बांधात की!

दहा गुंठे
माझी जमीन त्यात आहे, म्हणून बोलतो. भावाभावांत वाटणी होऊन दहा गुंठे हाताला आले. लावणीला माणसं मिळत नाहीत, भात बुडलं की मागची मसूरही हुकते. मुलीची फी कशानं भरू? उताऱ्यावर नाव माझं आणि विकायचं की नाही ते गल्लीनं ठरवायचं? आणि एक बघा, मंजूर लेआऊटला निदान गटार-रस्ता असतो. तो अडवलात की लोक बाँडवर, म्हणजे रजिस्ट्रीशिवाय नुसत्या स्टॅम्पपेपरवर, प्लॉट घेतात. तिथं पाऊस पडला की घरात गुडघाभर पाणी.

शिवारकर
दादा, बाँडचं खरं आहे, विकायचा हक्कही तुमचाच. पण तुमच्या गटाराचं पाणीसुद्धा शेवटी त्याच नाल्यात येणार, आणि नाला आजच गाळानं भरलाय.

पोचपावती
हरकतीत नुसतं 'काळी आई' लिहून भागत नाही हो. सर्व्हे नंबर घाला, पुराचे तारखेसह फोटो जोडा, भराव किती उंच आणि पाण्याला वाट कुठून ते विचारा. १९६४ च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली बिगरशेतीची परवानगी झाली आहे का, तेही विचारा. मराठीत लिहायला घाबरू नका: राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. मुदतीच्या आत द्या आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.

दहा गुंठे
नाल्याची कड मोकळी सोडा, पाण्याला वाट ठेवा, एवढंच लिहिणार असाल तर मीही सही करतो. सगळा अर्जच फेटाळा म्हणालात तर माझा उलटा अर्ज जाणार.

शिवारकर
कड सोडली तरी भराव राहतोच. मी सगळ्यालाच हरकत देणार, दादा. पण तुमची ती ओळही त्यात घालतो, नावासकट नको असेल तर बिननावाची.