दोघांसाठी घरी खेळायला कोणता बोर्ड गेम घ्यावा?

खिडकीजवळचा
लग्नाला सहा महिने झाले, जेवणं झाली की दोघंही मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो. म्हणून मोठ्या हौसेने कटान आणला आणि घरी येऊन डब्यावर बघतो तर काय, 3 ते 4 खेळाडू! बुद्धिबळात बायको मला पंधरा चालींत गुंडाळते, सो ते नकोच. अर्ध्या तासात संपेल असं सुचवा ना.

उंटवाला
डोळे झाकून जैपूर घ्या. दोघांसाठीच आहे. मसाले, कापड, चांदी, हिरे जमवून विकायचे, आधी विकेल त्याला भाव जास्त पण तीन-चार-पाच एकदम विकले की बोनस, आणि हातात 7 च्या वर पत्ते ठेवता येत नाहीत, त्यामुळे थांबू की विकून मोकळा होऊ ह्यातच जीव टांगणीला.

बटणं_मोजते
माझं मत पॅचवर्कला. 9 बाय 9 च्या पाटावर तुकडे बसवायचे, शेवटी रिकाम्या घरामागे 2 गुण वजा. आई बघून म्हणाली, अगं ही तर गोधडी!

जुनं_खोड
पैसे कशाला घालवता? खडूने फरशीवर नवकंकरी आखा, एकाला 9 राजमे, दुसऱ्याला 9 हरभरे. तीन एका रेषेत आले की समोरच्याचा एक उचलायचा. दोनच उरले की हरला.

खिडकीजवळचा
आजोबा, राजमा लगेच मिळाला, काल तीनही डाव हरलो :( जैपूर मागवलाय. कटान हवाय का कुणाला?