मदत हवी आहे: संदर्भ म्हणून जोडलेली बातमी आपल्याच लेखावरून उतरवलेली असेल तर काय करावे?

नमस्कार. मी पुण्यात राहतो आणि फावल्या वेळात मराठी विकिपीडियावर संपादन करतो. पानशेतच्या पुराविषयीच्या मजकुरावरून एका सदस्याशी मतभेद झाला असून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला धरण फुटले, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो बळींच्या आकड्याचा. (आकडा इथे मुद्दाम लिहीत नाही, न जाणो, उद्या हाच धागा संदर्भ म्हणून जोडला जायचा.) लेखाचा इतिहास चाळला तेव्हा तो आकडा २०११ मध्ये एका अनामिक अंकपत्त्यावरून (आयपी ॲड्रेसवरून), कोणताही संदर्भ न देता घातलेला आढळला, म्हणून मी तिथे 'संदर्भ हवा' हा साचा (वाचकाला दिसणारी तयार सूचना) लावला. दोनच दिवसांत त्या सदस्याने साचा काढून एका संकेतस्थळावरची २०१७ मधली बातमी जोडली. बातमी वाचताना वाक्ये ओळखीची वाटू लागली. पडताळून पाहिले तर आपल्या लेखात पानशेत धरण ज्या नदीवर आहे त्या 'आंबी' नदीचे चुकून 'अंबा' झाले होते, तीच चूक बातमीतही होती. लेखातली चूक पुढे कोणीतरी सुधारली, बातमीत ती अजून तशीच आहे. चर्चा पानावर मी हे तारखांसह मांडले, त्यावर 'हा तुमचा तर्क झाला, मूळ संशोधन इथे चालत नाही' असे उत्तर मिळाले. माझ्या मते ही पळवाट आहे, कारण मूळ संशोधनाचा, म्हणजे स्वतः काढलेले निष्कर्ष न घालण्याचा, नियम लेखातल्या मजकुराला लागू होतो; संदर्भ विश्वासार्ह आहे का, हे तपासायला तो आडवा येत नाही.

दरम्यान एका जुन्या ग्रंथालयात जुलै १९६१ च्या वर्तमानपत्रांचा बांधीव खंड पाहायला मिळाला. कागद इतका जीर्ण आहे की पान उलटताना कडा हातात येतात, त्यामुळे झेरॉक्सला परवानगी नाही. त्यातले आकडे दर दिवसाच्या अंकात बदलतात, म्हणून 'अमुक तारखेच्या अंकानुसार' असे लिहून पृष्ठक्रमांक दिला. तोही 'ऑनलाइन दिसत नाही' म्हणून काढला गेला. संदर्भ ऑनलाइनच असावा असा नियम नाही, हे मी सांगून थकलो.

बातमी लेखावरूनच घेतली आहे हे चर्चेत ग्राह्य धरले जावे, यासाठी दोन्ही आवृत्त्यांची तुलना कशी मांडावी? धरणफुटीच्या चौकशी आयोगाचे काम न्यायमूर्ती बावडेकरांनंतर न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे आले. त्या आयोगाचा अहवाल प्राथमिक स्रोत (घटनेशी थेट संबंधित मूळ दस्तऐवज) मानून टाळावा की आकड्यापुरता वापरावा? मी दोनदा बदल उलटवले आहेत, तिसऱ्यांदा हात लावणार नाही. प्रचालकांकडे (विकिपीडियाच्या व्यवस्थापक सदस्यांकडे) जाण्यापूर्वी आणखी काय करून पाहावे, तेही कृपया सांगावे.