अंगणातली कुत्र्याची घाण उचलायला रोबो: पाहिजे का नको?

माधवनगरची_ताई
सांगली-मिरजेत ज्यांच्या दारात कुत्रं आहे आणि घराला अंगण आहे त्यांनी मत द्या. आमच्याकडं लॅब (लॅब्रॅडोर कुत्रं) आहे, मागं पेरू, शेवगा, थोडी मेथी-कोथिंबीर. सकाळी अंगणातली घाण कुणी उचलायची ह्यावरनं रोज घरात वाद, आणि शेवटी ते काम जाऊन पडतं कामाला येणाऱ्या मावशींवर, हे मला अजिबात पटत नाही. ठरवलंय झाडू-भांड्याचं, आणि कुत्र्याची शी पण त्यांनीच काढायची, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही. अमेरिकेत २०१९ ला बीटल नावाचा खास ह्याच कामाचा रोबो जाहीर झाला होता, कॅमेऱ्यानं घाण ओळखायची, तिच्यावर जाऊन थांबायचं, पंजानं उचलून पोटातल्या बंद डब्यात टाकायची. फरशी झाडणारा रूम्बा जे ७ प्लस २०२१ ला आला, तो घाण दिसली की बाजूनं जातो. म्हणजे मशीनला ओळखता येतंय. असं काहीतरी आपल्याकडं यायलाच पाहिजे, माणसाच्या हातनं हे काम सुटलं पाहिजे.

वाळव्याचा_भाऊ
ताई, राग मानू नका पण कुत्रं तुमचं मग घाण बी तुमचीच. खुरपं घ्या, जुनी सुपली घ्या, वर राख टाका, उचला, झालं. आमच्यात आजा पण हेच करायचा. आणि रोबो चालणार कुठं? जून लागला की आपली काळी माती बुटाला किलोभर चिकटती, त्यात ते चाक रुतलं की रुतलं, मग घाण पण तुम्हीच काढा आणि रोबो पण तुम्हीच काढा.

व्हेट_मिरज
माझाही विरोध आहे पण कारण वेगळं. कुत्र्याला बोलता येत नाही, त्याची शी हाच त्याचा रोजचा रिपोर्ट. रक्त आहे का, डांबरासारखी काळी आहे का, शेवयांसारखे जंत वळवळतायत का, हे मालकाला दिसलं तर तो वेळेत आणतो. पार्व्हो म्हणजे जीवघेण्या उलट्या-जुलाबाचा आजार, त्याचं पिल्लू एक दिवस उशिरा आलं तरी हातचं जातं, आणि रोज कितीतरी लोक येतात ज्यांना विचारलं संडास कशी होती तर म्हणतात माहीत नाही, मावशी काढतात. उद्या म्हणतील रोबो काढतो. दुसरं म्हणजे चाकं. पार्व्होचा विषाणू मातीत वर्षभरसुद्धा टिकतो, पातळ संडास झाली असेल तर तीच चाकं सगळ्या अंगणात फिरणार, ती कोण धुणार? फरशीला निदान पातळ केलेलं ब्लीच तरी मारता येतं, मातीला काय मारणार.

कुपवाड_एमआयडीसी
डॉक्टर, तुमचा मुद्दा मान्य, पण माझ्या शेजारचे काका बघा. वय झालंय, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मुलगा पुण्यात, राखणीला म्हणून कुत्रं ठेवलंय आणि त्याच्यावर जीव आहे. त्यांना वाकताच येत नाही, मग घाण तशीच राहते, पाऊस पडला की वितळून मातीत जाते. त्यांनी काय करायचं, कुत्रं सोडून द्यायचं? मशीनचं म्हणाल तर हुस्कव्हर्ना कंपनीचं स्वतःचं स्वतः गवत कापणारं यंत्र १९९५ सालचं आहे, कडेनं वायर पुरायची की ते त्याच्या बाहेर जात नाही. चिखलाचं खरं आहे, पण आता निम्म्या घरांत पेव्हर ब्लॉक आहेत. आणि कॅमेरा आहेच तर उचलायच्या आधी फोटो काढून मालकाच्या मोबाईलवर टाकायला काय अवघड आहे?

सातारा_शाहूपुरी
तुम्ही सगळे अंगणातच अडकलाय. माणसाच्या हातनं घाण सुटली पाहिजे असं ताई म्हणतात, एकदम बरोबर, पण मग सुरुवात गटारापासनं करा ना. हातानं मैला साफ करून घ्यायला बंदी करणारा कायदा २०१३ चा आहे, आधीचा १९९३ चा, तरी माणसं मॅनहोलमध्ये उतरून मरतायत, बातम्या वाचतोच आपण. केरळच्या पोरांनी बँडिकूट नावाचा रोबो केला, २०१८ पासनं तो तिरुवनंतपुरममध्ये मॅनहोलमध्ये उतरतोय. रोबो पाहिजे तर तिथं पाहिजे, गावोगाव पाहिजे. लॅबसाठी लाखाचं मशीन मागायला मला तरी जीभ रेटत नाही.

माधवनगरची_ताई
शाहूपुरीकर, बँडिकूट आलाच पाहिजे, त्याच्यासाठी नगरपालिकेकडं सह्या गोळा करत असाल तर माझी पहिली. पण एक झालं म्हणून दुसरं नको असं कुठंय? मैला उचलणाऱ्याला जी लाज वाटायला लावतात तीच लहान प्रमाणात आमच्या मावशींना लावली जाते, माझ्याच घरात. आणि भाऊ, राख टाकून उचललेली घाण तुम्ही टाकता कुठं? आमच्याकडं सासरे म्हणतात पेरूच्या बुडात घाल, शेणासारखंच खत आहे.

व्हेट_मिरज
ताई, ते पहिलं थांबवा!! शेण गवत खाणाऱ्या जनावराचं. कुत्र्याच्या शीमध्ये जंतांची अंडी असतात, घरच्या खतखड्ड्यात ती मरण्याइतकी गरमी होत नाही, आणि तुमची मेथी तिथंच आहे. गोलकृमीची अंडी ताज्या शीमध्ये बाधत नाहीत, साधारण दोन ते चार आठवड्यांनी बाधायला लागतात आणि पुढं मातीत वर्षानुवर्षं राहतात, पोरं मातीत खेळून हात तोंडात घालतात, मग पोटात गेलेल्या अंड्यातली अळी क्वचित डोळ्यापर्यंत जाते. हुकवर्म म्हणून दुसरा जंत आहे, त्याची अळी तर ओल्या उबदार मातीत आठवड्याभरात तयार होते आणि अनवाणी पायाच्या कातड्यातनं आत शिरते. म्हणून रोजच्या रोज उचला, कुणीही उचला, आणि मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या.
एमआयडीसी, तुमच्या काकांच्या बाबतीत मी विरोध मागं घेतो. घाण महिनाभर पडून राहण्यापेक्षा फोटो पाठवणारा रोबो परवडला. फोटोत रक्त दिसेल, अंडी नाही दिसणार, त्यासाठी अधनंमधनं सॅम्पल दवाखान्यात द्यायचं. पण हातीपायी धड माणसाला रोबोसाठी माझं उत्तर ‘नको’च आहे.

वाळव्याचा_भाऊ
डॉक्टरांचं पटलं. आम्ही बांधाला लांब खड्ड्यात पुरतो, विहिरीपासनं लांब, भाजीत नाही. आणि काकांना रोबो येईस्तोवर लांब दांड्याचा चिमटा मिळतो बघा, वाकायला लागत नाही, तो आणून द्या की.

कुपवाड_एमआयडीसी
चिमटा आणतो, आजच बघतो. तरी मी रोबोच्या बाजूनंच आहे, काकांना चिमटा धरून पावसात अंगणात उभं राहणं पण जमणारं नाही.

माधवनगरची_ताई
पेरूच्या बुडाचं आज बंद केलं, सासऱ्यांना डॉक्टरांची कमेंट वाचून दाखवली. मावशींनाही सांगितलं की हे काम तुमचं नाही. आता सकाळी मी आणि मुलगा आळीपाळीनं काढणार. पण डॉक्टर, माझं मत बदललेलं नाही, मशीन आलं तर मी घेणार, फोटो मी स्वतः बघेन.