‘पोटॅशियम आकुंचन घडवतं’ हे वाक्य जर्नलमध्ये चालवून घ्यावं का?

औषधशाळा
फार्मसीच्या मुलांना प्रॅक्टिकल शिकवतो. काल त्यांच्या प्रयोगवह्या, म्हणजे जर्नलं, तपासली. कोंबडीच्या आतड्याचा तुकडा टायरोडच्या क्षारद्रावणात टांगायचा, हवेचे बुडबुडे चालू ठेवायचे आणि बाथमधली (त्या द्रावणाच्या भांड्यातली) पोटॅशियमची तीव्रता 60 मिलिमोलरपर्यंत न्यायची, असा प्रयोग होता. तुकड्याला जोडलेला लिव्हर (आलेख काढणारी तरफ) झपकन वर चढतो. सगळ्या बॅचचा निष्कर्ष एकच: ‘पोटॅशियम आकुंचन घडवतं.’ मी ते वाक्य प्रत्येक जर्नलात खोडलं. विभागात काहींना ते रुचलं नाही, म्हणून इथे विचारतो.

माझं मत असं की पोटॅशियम दार उघडतं, काम कॅल्शियम करतं. पेशीच्या आत पोटॅशियम साधारण 140 मिलिमोलर, बाहेर 5. या तफावतीमुळे पेशी आतून ऋणभारित राहते. बाहेर 60 केलं की पोटॅशियमचा समतोल (ज्या व्होल्टेजला त्याची आत-बाहेर ये-जा बरोबरीत येते) उणे 89 मिलिव्होल्टवरून उणे 23च्या आसपास येतो, पेशीच्या पटलावरचा ऋणभार ओसरतो आणि व्होल्टेजवर चालणारे एल-प्रकारचे चॅनेल (पटलातली कॅल्शियमची दारं) उघडून कॅल्शियम आत शिरतं. ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं, त्यातून जागं झालेलं काइनेज हे एन्झाइम मायोसिन या आकुंचनाच्या प्रथिनावर फॉस्फेट बसवतं, मग स्नायू आखडतो. इथे हृदयासारखं ट्रोपोनिन या प्रथिनाचं कुलूप नाही, हेही मुलं विसरतात.

ताळा सोपा आहे. कॅल्शियम वगळलेलं टायरोड घ्या, उरलंसुरलं कॅल्शियम पकडायला ईजीटीए घाला, आणि तेच 60 मिलिमोलर पोटॅशियम सोडा. लिव्हर जागचा हलत नाही. आता कॅल्शियम क्लोराइड थोडं थोडं परत घाला, लिव्हर पायरीपायरीने चढतो. पोटॅशियम दोन्ही वेळा तेवढंच होतं! मग श्रेय त्याला का द्यायचं?

काजळीचा_ड्रम
सर, आदर ठेवून विरोध करतो. कायमोग्राफला (लिव्हरची हालचाल उमटवणाऱ्या फिरत्या ड्रमला) धुरी दिलेला कागद गुंडाळायच्या काळापासून मी हा प्रयोग घेतोय. या न्यायाने अ‍ॅसिटिलकोलीनचं वाक्यही खोडा, हिस्टामिनचंही खोडा. आतडं आखडवणारे हे सगळेच शेवटी कॅल्शियमच्या वाटेने जातात. जे बाथमध्ये घातलं आणि ज्याने लिव्हर चढला, त्याला आकुंचक म्हणायचं, ही औषधशास्त्राची रीत आहे. मुलाने जे पाहिलं ते त्याने लिहिलं. त्यावर लाल रेघ मारली की मूल पुढच्या वेळी डोळ्यांनी पाहायचं सोडून पुस्तकातलं उतरवून काढतं. मला त्याची जास्त काळजी वाटते.

औषधशाळा
काळजी खरी आहे, सर, पण तुलना पटत नाही. अ‍ॅसिटिलकोलीनला बसायला स्वतःची जागा आहे, मस्करिनिक रिसेप्टर. तिथून निरोप पेशीतल्या साठ्यापर्यंत जातो आणि तिथलं कॅल्शियम सुटतं. म्हणून बाहेर कॅल्शियम नसतानाही त्याने थोडं, अल्पकाळ का होईना, आकुंचन दिसू शकतं. पोटॅशियमला असा रिसेप्टर नाही, ते फक्त व्होल्टेज बदलतं. धमनीच्या पट्टीवर पाहा: व्हेरापामिल (ते एल-प्रकारचे चॅनेल अडवणारं औषध) दिलं की पोटॅशियमचं आकुंचन जवळजवळ पुसलं जातं, फेनिलएफ्रिनचं (रिसेप्टरवर बसून धमनी आखडवणाऱ्या औषधाचं) बरंचसं टिकतं. दोघांना एकाच वाक्यात बसवलं तर हा फरक मुलाला कधी दिसायचा?

वॉर्डातली_ताई
मी रुग्णालयात काम करते, बाथबिथ माझ्याकडे नाही. जुलाबांनी पोटॅशियम खूप उतरलेला पेशंट येतो तेव्हा त्याचं पोट फुगलेलं असतं, स्टेथोस्कोप लावला तर आतड्याचा आवाज जवळजवळ नाही. पोटॅशियम भरून काढलं की हळूहळू गुरगुर सुरू होते. माझ्यासाठी आतड्याच्या हालचालीला पोटॅशियम लागतं हे रोजचं सत्य आहे. ते वाक्य खोडू नका.

औषधशाळा
ताई, तुमचा अनुभव माझ्याच बाजूचा आहे. रक्तातलं पोटॅशियम 3.5 मिलिमोलरच्या खूप खाली गेलं की पटल नेहमीपेक्षा जास्त ऋण होतं, मग कॅल्शियमची दारं उघडायला जड जातात. पण ‘लागतं’ आणि ‘घडवतं’ ही दोन क्रियापदं वेगळी आहेत, माझा आग्रह तेवढाच आहे.

बारीक_धमनी
मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण कुणीच मात्रेबद्दल बोलत नाही. मेंदूतल्या बारीक धमन्यांभोवती पोटॅशियम 5 वरून 12 केलं तर त्या आखडत नाहीत, रुंदावतात! दाबाखालच्या धमनीतल्या पेशी मुळात उणे 40-45 मिलिव्होल्टवर असतात. 12 मिलिमोलरला पोटॅशियमचा समतोल उणे 65च्या जवळ येतो. वाढलेल्या पोटॅशियमने आतल्या दिशेचे म्हणवले जाणारे पोटॅशियम चॅनेल खुलतात, सोडियम-पोटॅशियम पंपही जोर धरतो, पटल त्या उणे 65कडे ओढलं जातं. कॅल्शियमचं दार मिटतं, धमनी सैल पडते. अगदी थोडं बेरियम घालून ते चॅनेल अडवले की हा सैलपणा बराचसा जातो. व्यायामात राबणाऱ्या स्नायूतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि तिथला रक्तप्रवाह वाढतो, त्यातही याचा हात आहे. तेच पोटॅशियम 60 केलं की तीच धमनी करकचून आवळते. मग ‘पोटॅशियम आकुंचन घडवतं’ हे वाक्य अर्धवटच नाही, 12 मिलिमोलरला ते उलटं आहे.

आणि औषधशाळा सर, कॅल्शियमलाही एकट्याला माळ घालू नका. जास्त पोटॅशियमने ऱ्हो-काइनेज हे दुसरं एन्झाइमही जागं होतं, ते मायोसिनवरचं फॉस्फेट काढून टाकणाऱ्या एन्झाइमला दाबतं. कॅल्शियम तेवढंच असून ओढ वाढते.

काजळीचा_ड्रम
12चा मुद्दा मला मान्य करावा लागतो. माझ्या बाथमध्ये मी कायम 40च्या वरच गेलो, खाली कधी थांबून पाहिलं नाही. तरीही लाल रेघेला माझा विरोध कायम आहे. वाक्य राहू द्या, त्यात आकडा लिहायला लावा: ‘1.8 मिलिमोलर कॅल्शियम असलेल्या टायरोडमध्ये 60 मिलिमोलर पोटॅशियमने आकुंचन झालं.’ यात मुलाने पाहिलेलंही आहे आणि तुमचं कॅल्शियमही.

औषधशाळा
हे वाक्य मी खोडणार नाही. फक्त त्याच्या खाली कॅल्शियमविना घेतलेला आलेख चिकटवलेला हवा, तोही त्याच तुकड्याचा. एका तासिकेत दोन्ही बसत नाहीत ही अडचण आहे. धुवायला आणि तुकडा स्थिरावायलाच वेळ जातो. तुम्ही कसं बसवाल?

काजळीचा_ड्रम
अर्ध्या बॅचला कॅल्शियमविना द्या, अर्ध्या बॅचला नेहमीचं. कोणाच्या बाथमध्ये काय आहे ते सांगू नका. एकाच कोंबडीचं आतडं दोघांना पुरतं. लिव्हर का चढला नाही हे त्यांनाच शोधू द्या.